मधलं घर

टेलफर्ड काउंटीत घरं चौदा हजार दोनशे एकवीस.
माझं टेबल कोर्टहाउसच्या तळघरात, बॉयलरला लागून;
जानेवारीत बरं, जूनमध्ये जीव नकोसा.
काम सांगायला सोपं:
सगळ्या घरांना कमाईप्रमाणे ओळीत उभं करायचं,
शाळेत उंचीप्रमाणे करतात तसं,
आणि मोजत मोजत सात हजार एकशे अकराव्यापाशी थांबून
हळूच विचारायचं, तुमचं किती?

मागे जेवढे, तेवढेच पुढे. तो मध्यक.

सरासरीवर माझा विश्वास नाही.
तळ्याकाठी क्लीव्हलंडचा दातांचा डॉक्टर राहायला आला
तेव्हा ती टुणकन उडाली,
कॅन्टीनमधली आर्डिथ म्हणाली, म्हणजे आपण सुधारलो की!
मध्यकाने मान वर करूनही पाहिलं नाही.

पण खरं सांगते, ही ओळ कधी लागतच नाही.
वर्षाला तीनेकशे घरांतून कागद परत येतात,
एखाद्यावर कॉफीचा डाग,
एखाद्यावर नुसतंच, तुम्हाला काय करायचंय?
त्यावरून बाकीच्यांचा अदमास.
पाच वर्षांचे कागद एकत्र मळायचे, एक आकडा थापायचा
आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहायचं:
अधिक-उणे चार हजार.
चार हजारांत हिवाळ्याचा गॅस बसतो,
ट्रकचा गिअरबॉक्स बसतो,
थोरलीच्या दातांची तार बसते.
यातलं कुठलंही एक.

१९७९च्या रकान्यात सोळा हजार नऊशे.
तेव्हा कागदाची गिरणी तिन्ही पाळ्यांत धूर ओकायची,
गावभर कुजक्या कोबीचा वास,
आणि नाकाला रुमाल लावणाऱ्या पाहुण्यांना
डेल्बर्ट योकम सांगायचा, हा पगाराचा वास.
ते डॉलर आजच्या भावात फुगवले की होतात पंचावन्न हजार.
१९९९ला अठ्ठेचाळीस.
मग गिरणीला कुलूप, त्रेचाळीस.
माझ्या आलेखात हा उतार बोटभर आहे.
डेल्बर्ट तो पंधरा वर्षं उतरत होता.

आणि गेल्या खेपेला चक्क सत्तेचाळीस!
कमिशनर हॉलिस बीमननी केक मागवला,
त्यावर निळ्या साखरेचा, वर चढणारा बाण.
कागदी बशी हातात धरून मी उभी,
आणि मला ती ओळ दिसत होती:
शेपटाकडची अठराशे घरं उठून गेलेली,
कोलंबसला, बहिणीकडे, कुठे कुठे.
मोजणी पुन्हा पहिल्यापासून,
आणि मधोमध आता दुसरंच कुणी उभं,
ज्याची कमाई एका सेंटनेही वाढली नव्हती.
शिवाय डेल्बर्टची रमोना
दोन मुलं घेऊन बापाच्या तळमजल्यावर आली,
म्हणजे दोन घरांचं एक घर,
त्याचं पेन्शन, तिचा दुकानातला पगार, एकच बेरीज.
दोन ओढगस्ती एका छपराखाली आल्या
की माझ्या तक्त्यात त्यांचा मध्यमवर्ग होतो.

हे मी तिथे बोलले नाही.
केक चांगला होता.

यंदा चिठ्ठी आमच्याच घराची निघाली.
तेच प्रश्न, मला तोंडपाठ,
तरी स्वयंपाकघराच्या टेबलावर अनोळखी वाटले.
माझा पगार लिहिला. व्हर्जिलचा अपंग भत्ता लिहिला.
'इतर उत्पन्न'पाशी पेन अडलं.
व्हर्जिल गॅरेजात गवत कापायची मशिनं दुरुस्त करतो,
लोक रोख देतात, नाहीतर डझनभर कणसं,
नोव्हेंबरात कधी हरणाची तंगडी.

कणसांचं काय लिहू रे? मी विचारलं.
तो हात पुसत म्हणाला,
लिही ना, अधिक-उणे.